दोन महिन्यांची मुदत : रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालाचा इतिहास

मे महिन्याच्या अखेरीस वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानावर एक ठरलेली बातमी येते. रिझर्व्ह बँकेचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध झाला. विकासदराचा अंदाज अमुक, महागाईचा तमुक. बनावट नोटा इतक्या सापडल्या, बँकांमधल्या फसवणुकीची प्रकरणे इतकी झाली. दुसऱ्या दिवशी बातमी शिळी होते आणि अडीच-तीनशे पानांचा तो ग्रंथ पुढच्या वर्षापर्यंत विस्मरणात जातो. काही वर्षांपूर्वीपर्यंत हीच बातमी ऑगस्टच्या अखेरीस येत असे. तारीख का बदलली, आणि मुळात ही तारीख कोणी ठरवली, असा प्रश्न फारसा कोणाला पडत नाही.

मी अर्थशास्त्राचा पदवीधर नाही. नोकरी हिशेब लिहिण्याची केली, त्यामुळे ताळेबंद वाचायची सवय लागली, एवढेच भांडवल. पुढे ग्रंथालयांत बसून रिझर्व्ह बँकेचे जुने अहवाल जमतील तसे वर्षवार वाचू लागलो. सुरुवातीला कंटाळा येई. भाषा बेताची, विशेषणे मोजकी, ‘तथापि’ आणि ‘काही प्रमाणात’ यांचा सुकाळ. पण ओळीने दहा-बारा वर्षे वाचली की लक्षात येऊ लागते, की या कागदात दोन आवाज आहेत. एक शब्दांचा, तो मवाळ असतो. दुसरा तक्त्यांचा, तो मवाळ करता येत नाही. आणि हे दोन्ही आवाज आपल्यापर्यंत पोहोचतात, त्याचे कारण कायद्यातले एक लहानसे कलम आहे.

ते कलम ५३. रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया कायदा, १९३४ मधले. बँकेने आपले वार्षिक हिशेब बंद झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत लेखापरीक्षित ताळेबंद आणि वर्षभराच्या कामकाजाचा केंद्रीय संचालक मंडळाचा अहवाल केंद्र सरकारला पाठवावा, अशी त्यात तरतूद आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने हा अहवाल बँकेने सरकारला लिहिलेले पत्र आहे. आपण सारे ते सरकारच्या खांद्यावरून डोकावून वाचत असतो. परंतु पत्र पाठवायचे की नाही, हे बँकेच्या मर्जीवर नाही. कधी पाठवायचे, हेही नाही. देशाचा पैसा सांभाळणाऱ्या संस्थेला वर्षातून एकदा तोंड उघडावेच लागते. या सक्तीचा इतिहास मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

भागधारकांची बँक

१ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँकेचे काम सुरू झाले तेव्हा ती सरकारी बँक नव्हती. तिचे भांडवल ५ कोटी रुपयांचे, शंभर रुपयांच्या भागांत विभागलेले, आणि ते भाग खासगी लोकांनी घेतलेले होते. भागधारकांच्या नोंदवह्या पाच ठिकाणी होत्या : मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रास आणि रंगून. मुंबईच्या वाट्याला १ कोटी ४० लाखांचे भाग होते, कलकत्त्याच्या वाट्याला १ कोटी ४५ लाखांचे, तर रंगूनच्या वाट्याला ३० लाखांचे.

त्याआधी नोटा काढण्याचे काम सरकार स्वतः करी आणि सरकारी शिलकीचा व्यवहार इंपीरियल बँकेकडे असे. चलनाचा वार्षिक अहवाल सरकारचा ‘कंट्रोलर ऑफ द करन्सी’ हा अधिकारी लिहीत असे. म्हणजे सरकारच्या कामाची समीक्षा सरकारचाच नोकर करी. रिझर्व्ह बँक आल्यावर ‘चलन आणि वित्त अहवाल’ तिच्याकडे आला. त्याखेरीज भागधारकांच्या वार्षिक सभेपुढे बँकेच्या कामकाजाचा अहवाल आणि हिशेब ठेवायचे, अशीही कायद्यात तरतूद होती. कापडगिरणीचे किंवा विमा कंपनीचे भागधारक संचालकांना प्रश्न विचारतात, तसे देशाच्या मध्यवर्ती बँकेचे भागधारकही सभेत हिशेबावर चर्चा करू शकत होते. प्रत्यक्षात बँकेची खरी सूत्रे भारत सरकारच्या, आणि त्याच्याही मागे लंडनच्या हातात होती. पहिले गव्हर्नर सर ऑस्बोर्न स्मिथ यांचे सरकारच्या वित्त सदस्याशी विनिमयदर आणि व्याजदर यांवरून पटले नाही आणि १९३७ मध्ये ते पायउतार झाले. त्यांची सही असलेली एकही नोट चलनात आली नाही. बँकेची पहिली नोट, पाच रुपयांची, जानेवारी १९३८ मध्ये निघाली, तिच्यावर त्यांचे उत्तराधिकारी सर जेम्स टेलर यांची सही आहे.

बँकेचे मध्यवर्ती कार्यालय १९३७ मध्ये कलकत्त्याहून मुंबईला कायमचे आले. त्याच वर्षी ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून वेगळा झाला, पण तिथल्या चलनाचे काम रिझर्व्ह बँकेकडेच राहिले. फाळणीनंतर पाकिस्तानसाठीही ३० जून १९४८ पर्यंत हीच मध्यवर्ती बँक होती. नकाशावर रेघा ओढल्या गेल्या तरी हिशेबाच्या वह्या एकदम वेगळ्या होत नाहीत.

युद्धाचा ताळेबंद

तक्त्यांचा आवाज किती मोठा असू शकतो, हे पहिल्यांदा दुसऱ्या महायुद्धात कळते. १९३४ च्या मूळ कायद्यात अशी अट होती, की चलनात असलेल्या नोटांच्या मागे किमान ४० टक्के तारण सोन्याचे किंवा स्टर्लिंग रोख्यांचे असावे आणि त्यात सोने ४० कोटी रुपयांहून कमी नसावे. ‘सोने किंवा स्टर्लिंग’ या शब्दांतच पुढची सारी कथा आहे.

युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटनने हिंदुस्थानात धान्य, कापड, ताग, दारूगोळा असे जे काही घेतले, त्याचे पैसे लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने बँकेच्या खात्यावर जमा होत. माल इथून जाई, पैसा तिथे राही. पण इथल्या शेतकऱ्याला, गिरणीवाल्याला, कंत्राटदाराला रुपये द्यायचे असत. मग लंडनच्या त्या रोख्यांच्या तारणावर बँक इथे नोटा काढी. कायद्याची अट एका बाजूला पूर्ण होत होती, दुसऱ्या बाजूला बाजारातला माल कमी होत होता. युद्धाच्या आरंभी चलनात सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा होत्या. युद्ध संपेपर्यंत त्या अकराशे कोटींच्या पुढे गेल्या. बँकेचा व्याजदर मात्र नोव्हेंबर १९३५ मध्ये ३ टक्के ठरला, तो नोव्हेंबर १९५१ पर्यंत हललाच नाही.

तेव्हा बँकेला दर आठवड्याला चलन विभागाचे आणि बँकिंग विभागाचे विवरण प्रसिद्ध करावे लागे. म्हणजे नोटा किती वाढत आहेत आणि त्यांच्या मागे सोने नव्हे तर लंडनचे कागद कसे साठत आहेत, हे दर आठवड्याला छापून येत होते आणि वर्षाअखेरीस एकत्र मांडले जात होते. १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळ पडला. दुष्काळ आयोगाने मृतांचा आकडा सुमारे १५ लाख धरला. नंतरच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला. या दुष्काळाची कारणे अनेक आहेत : ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला, चक्रीवादळ आले, साठेबाजी झाली, सरकारने वेळेवर हालचाल केली नाही. पण ज्यांच्या हातात नव्या नोटा आधी पडल्या त्यांनी तांदूळ विकत घेतला आणि ज्यांची मजुरी होती तिथेच राहिली त्यांना तो परवडला नाही, हेही त्यातले एक कारण आहे. त्या वर्षांचे ताळेबंद समोर ठेवले की स्टर्लिंग रोख्यांच्या रकान्यातली वाढ निव्वळ हिशेबाची बाब राहत नाही.

याच ऑगस्ट १९४३ मध्ये चिंतामणराव देशमुख गव्हर्नर झाले. टेलर यांचे फेब्रुवारीत निधन झाले होते. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेला हा आय.सी.एस. अधिकारी बँकेचा पहिला हिंदी गव्हर्नर. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत हिंदुस्थानच्या प्रतिनिधींमध्ये ते होते आणि स्टर्लिंगच्या या थकबाकीचे काय करायचे, हा तिथे हिंदुस्थानचा मोठा प्रश्न होता. युद्धानंतर ही शिल्लक सुमारे १,७०० कोटी रुपयांच्या घरात होती. बंगालच्या भुकेची किंमत त्या आकड्यात धरलेली नव्हती.

देशमुखांनी घातलेली घडी

देशमुखांचे नाव आपल्याकडे निघते ते १९५६ च्या राजीनाम्यामुळे. मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारा मराठी माणूस म्हणून. बँकेच्या अहवालांच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व वेगळे आहे. ऑगस्ट १९४५ मध्ये त्यांच्या कारकिर्दीत संशोधन आणि सांख्यिकी विभाग उभा राहिला. जानेवारी १९४७ मध्ये बँकेची मासिक ‘बुलेटिन’ पत्रिका सुरू झाली. त्याआधी अर्थव्यवस्थेची पाहणी म्हणजे प्रामुख्याने चलन, विनिमय आणि सरकारी कर्ज यांची पाहणी होती. आता पिके, किमती, बँकांच्या ठेवी, परदेशी व्यवहार यांची माहिती सातत्याने गोळा करणारी माणसे बँकेतच बसू लागली. १९४८ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेत काळे स्मृती व्याख्यान देताना देशमुखांनी भारतातल्या मध्यवर्ती बँकेच्या वाटचालीचे सिंहावलोकन केले. पदावर असलेल्या गव्हर्नराने अभ्यासकांच्या सभेत आपल्या संस्थेच्या कामाचा हिशेब मांडावा, ही प्रथाही महत्त्वाची होती.

१ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले. भागधारक गेले, त्यांच्या सभा गेल्या. आता अहवालाचा अधिकृत वाचक एकच उरला, भारत सरकार. बँकेचा मालकही तोच आणि तिचा सर्वांत मोठा कर्जदारही तोच. त्याच वर्षी आलेल्या बँकिंग कंपन्यांच्या कायद्याने देशातल्या बँकांच्या स्थितीवर वेगळा वार्षिक अहवाल देण्याची जबाबदारीही रिझर्व्ह बँकेवर टाकली. तोही सरकारलाच.

कर्जदाराला त्याच्याच कर्जाबद्दल पत्र लिहायचे, तेही त्याच्या नोकरीत राहून, आणि ते सगळ्या देशाने वाचायचे. पुढच्या साऱ्या अहवालांची मवाळ भाषा या अडचणीतून आली आहे.

तुटीचे वीस वर्षे दोनदा

ही अडचण किती खरी होती ते १९५६-५७ मध्ये दिसले. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी हुंड्यांवरची मुद्रांक शुल्काची रक्कम वाढवली. त्यामुळे बँक दर न बदलताच पैसा महाग झाला. व्याजाची पातळी ठरवणे हे बँकेचे काम, ते सरकारने करवाढीच्या वाटेने केले, असे गव्हर्नर सर बेनेगल रामा राव यांचे म्हणणे होते. प्रकरण पंतप्रधान नेहरूंपर्यंत गेले, त्यांनी अर्थमंत्र्यांची बाजू घेतली आणि जानेवारी १९५७ मध्ये रामा राव यांनी राजीनामा दिला. नवे गव्हर्नर येईपर्यंत काही आठवडे के. जी. आंबेगावकर यांनी काम पाहिले. मे १९५७ मध्ये बँक दर रीतसर ४ टक्के झाला.

वाद गाजला तो मुद्रांक शुल्काचा. त्याहून मोठी गोष्ट दोन वर्षे आधी, जानेवारी १९५५ मध्ये, अगदी शांतपणे घडली होती. सरकारच्या खात्यातली शिल्लक ठरावीक रकमेखाली, साधारण ५० कोटींखाली गेली, की सरकारच्या नावे ‘अ‍ॅड हॉक’ ट्रेझरी बिले आपोआप तयार व्हावीत आणि बँकेने ती घेऊन शिल्लक पूर्ववत करावी, असे ठरले. कारकुनी सोयीची व्यवस्था होती ती. पुढे हीच सरकारची तूट भरून काढण्याची कायमची वाट बनली. बिल ९१ दिवसांचे, पण मुदत संपली की नवे बिल. मग मधूनमधून त्या बिलांचे दीर्घ मुदतीच्या रोख्यांत रूपांतर. १९७४ पासून या बिलांवरचे व्याज ४.६ टक्के होते, ते महागाई कितीही झाली तरी तेवढेच राहिले.

कायदाही त्याला अनुकूल होत गेला. १९५६ मध्ये ४० टक्के तारणाची अट काढून टाकून त्याजागी ४०० कोटींचे परकीय रोखे आणि ११५ कोटींचे सोने अशी किमान मर्यादा आली. वर्षभरातच, परकीय चलन झपाट्याने संपू लागल्यावर, ती दोन्ही मिळून २०० कोटींवर आणली, त्यातले सोने ११५ कोटींचे. म्हणजे नोटांना आता परकीय चलनाचा लगाम उरला नाही. उरला तो सरकारच्या विवेकाचा.

या काळातले अहवाल वाचताना तुटीच्या अर्थभरण्याचा विषय टळत नाही. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यानंतरच्या दोन वर्षांत तेलाच्या किमती चौपट झाल्या आणि घाऊक किमतींची वाढ वर्षाला २० टक्क्यांच्या वर गेली. रेशनच्या रांगा, घरातल्या डब्यांत घटणारी डाळ या गोष्टी त्या वर्षांत मोठे झालेल्या कोणालाही सांगाव्या लागणार नाहीत. डिसेंबर १९८२ मध्ये बँकेने सुखमय चक्रवर्ती यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने १९८५ मध्ये सुचवले, की चलन किती वाढू द्यायचे याचे लक्ष्य सरकार आणि बँक यांनी मिळून आधी ठरवावे. तरीही अ‍ॅड हॉक बिले थांबली नाहीत. ती थांबवण्याचा करार ९ सप्टेंबर १९९४ रोजी झाला, तेव्हा गव्हर्नर सी. रंगराजन होते आणि अर्थमंत्री मनमोहन सिंग. तीन वर्षांत हळूहळू ती कमी करत एप्रिल १९९७ पासून ही पद्धत बंद झाली.

१९५५ ते १९९७. बेचाळीस वर्षे. या बेचाळीस वर्षांत दर अहवालाच्या तक्त्यात ‘केंद्र सरकारला दिलेले निव्वळ बँक कर्ज’ हा रकाना होता. शब्दांत कितीही सावधपणा असला तरी आकडा लपत नव्हता. ज्यांनी तो बंद करण्याचा आग्रह धरला, त्यांचे हत्यार हेच तक्ते होते. बँकेतल्याच लोकांनी वर्षानुवर्षे निमूटपणे भरलेले.

सोन्याचा पुस्तकी भाव

तक्ता खोटे बोलत नाही असे मी म्हणतो, तेव्हा एक पुस्ती जोडावी लागते. तो कोणत्या भावाने मोजतो, हे आधी बघावे लागते. बँकेच्या सोन्याची गोष्ट त्यासाठी सांगण्यासारखी आहे.

१९३५ मध्ये ताळेबंदात सोने तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै या भावाने धरले जाई. १९५६ मध्ये तो भाव तोळ्याला ६२ रुपये ५० पैसे झाला. रुपयाचे १९६६ मध्ये अवमूल्यन झाले, त्याला अनुसरून १९६९ पासून दहा ग्रॅमला ८४ रुपये ३९ पैसे. आणि हाच भाव ऑक्टोबर १९९० पर्यंत ताळेबंदात राहिला. त्या सुमारास सराफाकडे दहा ग्रॅम सोन्याला तीन हजारांच्या पुढे मोजावे लागत होते. घरात लग्न असलेल्या कोणत्याही बाईला खरा भाव ठाऊक होता. देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या वहीत मात्र तो त्याच्या छत्तिसाव्या हिश्श्याइतकाही नव्हता. यात लबाडी नव्हती, कायदाच तसा होता. पण ताळेबंदावरून देशाकडे काय आहे याचा अंदाज बांधणाऱ्याची फसगत व्हावी, इतका तो भाव जुना होता.

१७ ऑक्टोबर १९९० पासून सोने आंतरराष्ट्रीय बाजारभावाच्या जवळ मोजले जाऊ लागले. वहीतली सोन्याची किंमत एकदम फुगली आणि वर्षही उलटले नाही तोच ते सोने देशाबाहेर न्यावे लागले. आखाती युद्ध, महागलेले तेल, परदेशस्थ भारतीयांच्या काढून घेतलेल्या ठेवी, अस्थिर सरकारे, यांमुळे परकीय गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीइतकी उरली होती. मे १९९१ मध्ये स्टेट बँकेमार्फत सरकारकडचे २० टन सोने गेले. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचे जवळजवळ ४७ टन सोने मुंबईहून विमानाने इंग्लंडला पाठवून बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले गेले. घरातले सोने सावकाराकडे ठेवणे म्हणजे काय, हे आपल्याकडे समजावून सांगावे लागत नाही. ते वर्ष संपल्यावर, दोन महिन्यांच्या मुदतीत, त्याही वर्षाचा अहवाल सरकारला गेलाच.

जगाचे प्रकरण

आजचा वार्षिक अहवाल उघडला की देशाच्या बरोबरीने जागतिक परिस्थिती येते : अमेरिकेचे व्याजदर, चीनची मागणी, तेल, युद्धे. पुष्कळ वाचक हा भाग ओलांडून जातात. मला तो मुद्दाम वाचावासा वाटतो, कारण ‘जग’ या शब्दाचा अर्थ त्यात कसा बदलत गेला ते कळते. १९३५ मध्ये रुपया १ शिलिंग ६ पेन्सला बांधलेला होता, त्यामुळे जग म्हणजे मुख्यतः लंडन. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे सदस्य झाल्यावर वॉशिंग्टन आले. १९७१ मध्ये डॉलरची सोन्याशी गाठ सुटली, १९७३ मध्ये तेलवाले देश आले. १९९१ नंतर परदेशी गुंतवणूकदार आले. ऑगस्ट २०१३ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला, त्याच महिन्यात अमेरिकेची मध्यवर्ती बँक रोखेखरेदी आवरती घेणार या नुसत्या शक्यतेने रुपया डॉलरमागे ६८ च्या पलीकडे घसरला होता. बंगालचा तांदूळ आणि लंडनचे रोखे यांचा जो संबंध १९४३ मध्ये होता, तोच आकार बदलून आजही आहे. लासलगावच्या कांद्याचा निर्यातभाव आणि पुण्यातल्या गृहकर्जाचा हप्ता यांच्यावर दूरच्या निर्णयांचा परिणाम होतो, तो कोणत्या वाटेने होतो हे या प्रकरणात सापडते.

न मोजलेल्या नोटांची आठ महिन्यांची वाट

दोन महिन्यांच्या मुदतीचे मोल सर्वांत स्पष्ट दिसले ते २०१७ मध्ये. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. बँकांपुढे रांगा लागल्या. किती नोटा परत येतात, यावर निर्णयाचे यशापयश मोजले जाईल असे सगळे धरून चालले होते. परत न येणारा पैसा काळा, असा साधा हिशेब मांडला जात होता. सुरुवातीला रिझर्व्ह बँक मधूनमधून आकडा देत होती. १० डिसेंबरपर्यंत १२.४४ लाख कोटी रुपयांच्या नोटा परत आल्याचे तिने सांगितले. त्यानंतर आकडा येणे थांबले. मोजणी चालू आहे, एवढेच उत्तर मिळत राहिले. वर्तमानपत्रांनी विचारले, संसदेच्या समितीने विचारले, पण आकडा काही आला नाही.

तो आला ३० ऑगस्ट २०१७ रोजी, वार्षिक अहवालात. हिशेबाचे वर्ष ३० जूनला संपत होते. दोन महिन्यांची मुदत ऑगस्टअखेर भरत होती. अहवालात लिहिले होते, की ३० जूनपर्यंत अंदाजे १५.२८ लाख कोटी रुपयांच्या रद्द नोटा परत आल्या आहेत. पुढच्या वर्षीच्या, ऑगस्ट २०१८ च्या अहवालाने अंतिम आकडा दिला : चलनातल्या १५.४१ लाख कोटींपैकी १५.३१ लाख कोटी, म्हणजे ९९.३ टक्के. नोटा छापण्याचा खर्च २०१५-१६ मध्ये ३,४२१ कोटी होता, तो २०१६-१७ मध्ये ७,९६५ कोटी झाला. बँकेने सरकारला दिलेली शिलकी रक्कम ६५,८७६ कोटींवरून ३०,६५९ कोटींवर आली. यापैकी एकाही आकड्यापुढे ठसठशीत विशेषण नव्हते. त्याची गरजही पडली नाही.

जुन्या नोंदींशी याची तुलना करावीशी वाटते. जानेवारी १९४६ मध्ये, देशमुख गव्हर्नर असताना, पाचशे आणि त्यावरच्या मोठ्या नोटा रद्द झाल्या होत्या. तेव्हा जवळजवळ १४४ कोटींपैकी सुमारे १३५ कोटींच्या नोटा परत आल्या, म्हणजे शंभरातल्या त्र्याण्णव-चौऱ्याण्णव. सत्तर वर्षांपूर्वीचा हा आकडा वह्यांत पडून होता. तो कोणी काढून पाहिला असता, तर नोव्हेंबर २०१६ मध्ये अपेक्षा बेताच्या ठेवता आल्या असत्या.

वर्ष बदलले

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. बँकेचे हिशेबाचे वर्ष आधी जानेवारी ते डिसेंबर होते. ११ मार्च १९४० रोजी ते जुलै ते जून असे बदलले. हे वर्ष शेतीच्या हंगामाशी जुळणारे होते : पेरणीपासून सुरू होऊन रब्बीचा माल बाजारातून उठेपर्यंत. डिसेंबर २०१८ मध्ये गव्हर्नर ऊर्जित पटेल यांनी वैयक्तिक कारण देऊन राजीनामा दिला, त्याच सुमारास बँकेच्या राखीव निधीतून सरकारला किती द्यायचे हे ठरवण्यासाठी बिमल जालान समिती नेमली गेली. हंगामाशी जुळवून घेण्याची गरज आता उरलेली नाही, बँकेचे वर्ष सरकारच्या वर्षाशी जुळवावे, असे तिने सुचवले. त्याप्रमाणे २०२०-२१ हे वर्ष जुलै ते मार्च असे नऊ महिन्यांचेच झाले आणि अहवाल ऑगस्टऐवजी मे महिन्यात येऊ लागला. ते नऊ महिन्यांचे आकडे बारा महिन्यांच्या आकड्यांशेजारी ठेवताना पुढच्या अभ्यासकाला जपून राहावे लागेल.

त्याच समितीच्या चौकटीतून सरकारला जाणारी शिलकी रक्कम मोठी होत गेली. २०१८-१९ साठी १.७६ लाख कोटी, २०२३-२४ साठी २.११ लाख कोटी, २०२४-२५ साठी २.६९ लाख कोटी. जुने अ‍ॅड हॉक बिल आणि ही शिल्लक यांत फरक आहे. ही बँकेची कमाई आहे, कर्ज नव्हे. परंतु अंदाजपत्रक बेतणारा अर्थमंत्री या रकमेकडे डोळे लावून बसतो, त्या अर्थी १९५५ चा प्रश्न पुरता संपलेला नाही. त्याच्यावर नजर ठेवण्याची जागाही तीच आहे, वार्षिक अहवालातला ताळेबंद आणि त्याखालच्या टिपा.

दरम्यान जुना ‘चलन आणि वित्त अहवाल’ १९९८-९९ पासून एकेका विषयाला वाहिलेला झाला, मग काही वर्षे बंद पडला आणि २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०२२ च्या अंकात लिहिले होते, की कोविडने झालेले उत्पादनाचे नुकसान भरून यायला २०३४-३५ उजाडेल. त्याच अंकाच्या सुरुवातीला असेही नमूद आहे, की ही मते लेखकांची आहेत, रिझर्व्ह बँकेची नव्हेत. स्पष्ट बोलायचे असेल तर बँकेतल्या माणसांना बँकेचे नाव बाजूला ठेवावे लागते. वार्षिक अहवालाला ही सोय नाही. तो कायद्याने बँकेचाच असतो आणि म्हणूनच त्यात कमी बोलले जाते, पण जे लिहिले जाते त्याची जबाबदारी कोणाला झटकता येत नाही.

आपल्या बचतीचे, पगाराचे, पेन्शनचे मोल किती टिकते हे ज्या संस्थेच्या निर्णयांवर ठरते, ती मुंबईत शहीद भगतसिंग मार्गावर बसते. तिचा वार्षिक अहवाल इंग्रजी आणि हिंदीत निघतो. मराठी वाचकाला त्यातले दोन-चार आकडे बातमीत मिळतात, आकड्यांमागची वर्षे मिळत नाहीत. विद्यापीठांच्या अर्थशास्त्र विभागांनी, किंवा एखाद्या जिद्दी प्रकाशकाने, निदान निवडक तक्ते आणि त्यांचा मागचा क्रम मराठीत दरवर्षी द्यायला हरकत नाही. वीस-पंचवीस पानांचे काम आहे. तोवर ज्याला वाटेल त्याने मे महिन्याच्या अखेरीस शेवटच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. तिथे ताळेबंद असतो. त्यात चलनातल्या नोटा किती, सोने कोणत्या भावाने धरले आहे, सरकारला किती दिले आणि राखीव निधीत किती ठेवले, एवढे चार आकडे पाहावेत, मागच्या वर्षीचे चार शेजारी लिहावेत आणि मगच पहिल्या पानाकडे वळावे.